मे महिन्याच्या ४५ अंशांत बर्फाची लादी टिकते, जूनच्या ढगाळ हवेत भराभर वितळते. असं का होतं?

रसवंती_एरंडोल

राम राम मंडळी. एरंडोल–धरणगाव रस्त्याला माझी उसाच्या रसाची रसवंती आहे. पाडव्याच्या आधी चरक लावतो आणि मृगाचा पाऊस चांगला लागला की उचलतो. रोज सकाळी टेम्पो बर्फाची लादी टाकून जातो. माझ्याकडे सागाच्या फळ्यांची जुनी पेटी आहे, आतून पत्रा मारलेला. लादीभोवती भुसा, वर गोणपाट, त्यावर झाकण. पेटी निंबाच्या सावलीत असते, वर ताडपत्री आहे, म्हणजे ऊन थेट लागत नाही.

आता प्रश्न. मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी तापमापक आणला होता, तो मी ताडपत्रीखाली खिळ्याला टांगून ठेवलाय. मे महिन्यात दुपारी तो ४४-४५ दाखवतो. अंगाला झळा लागतात, चरकाचं हँडल हातात धरवत नाही. तरी संध्याकाळी पाचला पेटी उघडली तर लादीचा चांगला ठोकळा शिल्लक असतो. जून लागला, आभाळ आलं, पारा ३५-३६ वर उतरला. गिऱ्हाईकही कमी होतं, म्हणजे मी बर्फ कमी फोडतो. आणि तरीही दुपारी दोन-अडीचला पेटीत नुसतं पाणी आणि भुसा! दरवर्षी हेच. यंदा मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. लादी तेवढीच, पेटी तीच, झाडाची सावली तीच. दहा अंश कमी असताना बर्फ जास्त वितळावा, हे माझ्या डोक्यात बसत नाही. शाळेत तर शिकलो की जास्त गरमी म्हणजे बर्फ लवकर वितळणार.

दुसरी गोष्ट, गोणपाट ओलं ठेवावं की कोरडं? वडील ओलं ठेवायचे. टेम्पोवाला म्हणतो कोरडं ठेव, ओल्याने बर्फ जातो. दोघंही या धंद्यात मुरलेले, त्यामुळे कुणाचं ऐकावं ते कळत नाही.

जाणकारांनी नीट समजावून सांगा. एका लादीचा पैसा रोज पाण्यात जातोय.

---

जळगावकर_७७

भाऊ, यात विज्ञानाचं काही नाही. जूनमध्ये लग्नसराईचा शेवटचा दणका असतो, वरून लाइट जाते. कारखान्यावर मागणी जास्त आणि वीज कमी, म्हणून लादी पूर्ण गोठायच्या आधीच बाहेर काढतात. कच्चा बर्फ आहे तो. कारखाना बदलून बघा.

---

बर्फवाले_आबा_भुसावळ

भाऊ, तुम्ही जे पाहिलंय ते खरं आहे आणि त्याला कारणही पक्कं आहे. माझी सगळी नोकरी भुसावळला बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या मशिनवर गेली. हा प्रकार दर जूनला आमच्या इंजिनरूममध्ये भिंतीवर लिहिल्यासारखा दिसायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कच्च्या बर्फाचं. कच्चा बर्फ असतो, जळगावकर म्हणतात तसा निघतोही. पण तो ओळखायला अवघड नाही. लादी गोठते बाहेरून आत. खाऱ्या पाण्याची मोठी टाकी असते, ते पाणी अमोनियाच्या नळ्यांनी उणे १० अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. त्यात पत्र्याचे उभे साचे सोडतात आणि साच्यात गोडं पाणी. बर्फ पहिल्यांदा साच्याच्या पत्र्याला धरतो आणि चारी बाजूंनी मध्याकडे सरकत जातो. शेवटी मधे पाण्याचा एक उभा गाभा राहतो. तो गोठायच्या आत लादी काढली तर तिला आम्ही कच्ची म्हणतो. सकाळी पहिला टोचा मारताच आतून पाणी येतं किंवा मधे पोकळी लागते. तुमच्या लादीत तसं असतं का? नसेल तर कारखान्याला दोष देऊ नका. मधला भाग पांढरा असणं म्हणजे कच्चेपणा नव्हे. पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा आणि क्षार बर्फात शिरत नाहीत, ते पुढे पुढे ढकलले जातात आणि शेवटी मधे अडकतात. आम्ही साच्यात हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवायचो, म्हणून कडेचा बर्फ काचेसारखा व्हायचा. शेवटचं क्षाराचं पाणी पंपाने ओढून घ्यायचं, ताजं पाणी ओतायचं आणि नळी काढायची. हवा बंद झाली की उरलेला गाभा पांढरा गोठायचा. घरच्या फ्रीजमध्ये पाणी हलत नाही आणि गारवा सगळीकडून येतो, म्हणून तिथला बर्फ अख्खा धुरकट.

एक गोष्ट या निमित्ताने. लोक विचारायचे, आबा, एवढी मशिनं आहेत तर लादी चार तासांत का देत नाही? गोठलेला बर्फच पुढच्या गोठण्याच्या आड येतो. आतल्या पाण्याची उष्णता त्या बर्फातून बाहेर पडायची असते, आणि थर जाड झाला की वाट लांबते. त्यामुळे जाडी दुप्पट केली की वेळ चौपट लागतो. ११ इंच जाडीच्या लादीला उणे १० च्या खाऱ्या पाण्यात दोन दिवसांच्या आसपास लागतात, साडेपाच इंचाची अर्ध्या दिवसात होते. योसेफ श्टेफान नावाच्या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञाने ध्रुवाकडच्या समुद्रावरच्या बर्फाचा हिशोब मांडून १८९१ साली हे दाखवलं. आम्हाला ते पुस्तकातून नाही, साच्यातून कळलं.

आता मूळ मुद्दा. अमोनिया उघड्यावर उणे ३३ अंशांना उकळतो. टाकीच्या नळ्यांत तो उकळत असतो आणि उकळताना खाऱ्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. मग वायू होऊन कॉम्प्रेसरकडे परत येतो. तो परतीचा पाइप गार असतो, त्याच्यावर बाहेरून पांढरं कवच चढतं. मे महिन्यात इंजिनरूममध्ये उभं राहवत नसे, पण त्या पाइपावरचं कवच पातळ असायचं, नखाने खरवडलं तर निघेल एवढं. मृग लागून ओली हवा आली की दोन दिवसांत तेच कवच चार बोटं जाड! पाइपात अमोनिया तोच, दाब तोच. बाहेरची हवा तर उलट गार झालेली. मग हे एवढं पाणी आलं कुठून? हवेतून. हवेतली वाफ गार पाइपाला टेकली की तिथेच गोठते.

तुमच्या लादीवर हेच होतं, फक्त ती शून्य अंशाला असल्यामुळे वाफ गोठत नाही, तिचं पाणी होतं. आणि वाफेचं पाणी होताना ती आपल्यातली उष्णता सोडते. किती सोडते ते बघा. १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. १ ग्रॅम वाफ बर्फावर येऊन पाणी झाली की ६०० कॅलरीच्या आसपास सोडते. म्हणजे लादीवर हवेतलं १ ग्रॅम पाणी बसलं की साडेसात ग्रॅम बर्फ गेला. जूनमध्ये तुमच्या लादीच्या अंगावर जो पाण्याचा थर सतत दिसतो, तो सगळाच वितळलेला बर्फ नाही. त्यात हवेतून आलेलं पाणीही आहे, आणि बर्फ खाणारं तेच आहे.

मे महिन्यातली खानदेशची हवा कोरडी ठणठणीत. गरम आहे, पण तिच्यात वाफ थोडी. ती लादीला नुसती आपली गरमी देते. जूनची हवा दहा अंश कमी गरम, पण ती वाफेच्या रूपात जी उष्णता बाळगून आहे ती तापमापकावर दिसतच नाही.

गोणपाटाचं नंतर लिहितो. दोघांचंही बरोबर आहे, पण वेगवेगळ्या महिन्यात.

---

रसवंती_एरंडोल

आबा, मनापासून धन्यवाद. लादीत पोकळी नसते, टोचा मारला तर शेवटपर्यंत टणक लागते. म्हणजे कच्चा बर्फ नाही.

पण एक अडतंय. वाफ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर चहाच्या किटलीची वाफ येते. ती गरम असते, भाजते, तिने बर्फ वितळेल हे पटतं. हवेतली वाफ तर ३५ अंशांचीच आहे ना? मग ती एवढी उष्णता कुठून देणार?

---

विज्ञानताई_धुळे

भाऊ, तुमचा हा प्रश्न फार मोलाचा आहे. मी दहावीला विज्ञान शिकवते आणि ‘अप्रकट उष्मा’ शिकवताना मुलं नेमकी इथेच अडतात, म्हणून उत्तर देते.

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. द्रवाची वाफ करायची म्हणजे ही पकड सोडवायची, आणि त्यासाठी उष्णता खर्च होते. ती पाणी गरम करण्यात जात नाही, फक्त सुटण्यात जाते. म्हणून १०० अंशांचं १ ग्रॅम पाणी १०० अंशांचीच वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. पण वाफ व्हायला पाणी उकळावंच लागतं असं नाही. तापीवरून, ओल्या रानातून, वाळत घातलेल्या धोतरातून पाणी साध्या हवेत उडतंच आहे. तिथे तर किंचित जास्तच उष्णता लागते, ३० अंशांना ५८० कॅलरी. ही उष्णता तिथल्या पाण्याने आणि हवेने दिलेली असते. ती वाफ वाऱ्याबरोबर एरंडोलला आली, तुमच्या लादीला टेकली, तिचे कण पुन्हा एकमेकांना धरून पाणी झाले की सगळी परत मिळते. वाफ ३५ अंशांची आहे की १०० ची, याने फार फरक पडत नाही. मोठी रक्कम आहे ती वाफेचं पाणी होण्याची.

बर्फाचंही तसंच. टोपात बर्फ आणि पाणी ठेवा, तापमापक बुडवा, ढवळत राहा. शेवटचा खडा विरघळेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही. उष्णता येतच असते, पण ती सगळी घनाचा द्रव करण्यात जाते. १७६० च्या दशकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅक यांनी हे मोजून दाखवलं. त्याआधी समजूत अशी होती की बर्फ शून्याला आला की थोड्याशा उष्णतेने लगेच वितळतो. तसं असतं तर डोंगरावरचा सगळा बर्फ एका उन्हात पूर होऊन खाली आला असता.

आता आकडे देते, कारण आबांचं म्हणणं आकड्यांत फार स्वच्छ दिसतं. मे महिन्याची दुपार धरू: ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती तिच्यात आहे) १५ टक्के. अशा १ घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम वाफ असते. जूनचा ढगाळ दिवस धरू: ३६ अंश, आर्द्रता ६० टक्के. त्या हवेत २५ ग्रॅम. आणि शून्य अंशाची हवा जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. बर्फाला टेकलेल्या हवेला यापेक्षा जास्तीची वाफ टाकून द्यावीच लागते. मे महिन्यात ही जास्तीची ५ ग्रॅम, जूनमध्ये २० ग्रॅम. चौपट!

उघड्या बर्फावर दोन्ही वाटांनी येणारी उष्णता मी मांडून पाहिली. हवेच्या गरमीची वाट मे महिन्यात ४५ भाग धरली (जितके अंश तितके भाग) तर वाफेची १२ च्या घरात येते, बेरीज ५७. जूनमध्ये गरमीची ३६ आणि वाफेची ४४, बेरीज ८०. म्हणजे जूनच्या ‘गार’ दिवशी बर्फावर दीडपटीच्या जवळ उष्णता येते. तुमची पेटी बंद असते, त्यामुळे प्रमाण अगदी हेच राहणार नाही. पण झाकण दिवसातून किती वेळा उघडतं आणि फळ्यांच्या फटी किती आहेत, यावर बरंच अवलंबून आहे.

हीच गोष्ट घरातही दिसते. आपल्याकडे मे महिन्यात कूलर छान चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी उडून ती हवा ४५ वरून २५ पर्यंत उतरू शकते. जूनच्या हवेत तोच कूलर २९-३० च्या खाली जाऊच शकत नाही, आणि घर दमट होतं ते वेगळंच. माठाचंही तेच. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी बाहेरच्या पाइपाकडे बघावं. मे महिन्यात त्यातून क्वचित थेंब पडतो, जूनमध्ये खाली बादली ठेवावी लागते.

भाऊ, तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर एक प्रयोग करा. तुमच्याकडे वजनकाटा असेलच. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात अर्धा किलो बर्फ घाला, झाकण लावा, बाहेरून पुसून कोरडा करा. ताटलीत लाकडाची चकती, चकतीवर डबा, असं सगळं एकत्र काट्यावर ठेवा. बर्फ वितळून डब्यातच राहणार, त्यामुळे त्याने वजन बदलत नाही. वाढलं तर ते फक्त हवेतून डब्यावर बसलेलं पाणी. ओघळलेले थेंब ताटलीतच राहू द्या, पुसू नका.

---

सातपुडा_तळोदा

मस्त चर्चा शे! माझा थोडा वेगळा प्रश्न. अक्कलकुव्यात वर डाब आहे, तिकडे तोरणमाळ आहे. थंडीत तिथे गवतावरचं, जीपच्या टपावरचं दव गोठतं. पहाटे गेलं तर पायाखाली करकर वाजतं. पण पडवीत टांगलेला तापमापक ३-४ अंश दाखवतो. पाणी तर शून्याला गोठतं ना? तापमापक खोटा की दव खोटं? डाबकडे लोक स्ट्रॉबेरी लावतात, त्यांना याची धास्ती असते.

---

विज्ञानताई_धुळे

दोन्ही खरी आहेत, दादा. तापमापक पडवीखालच्या हवेचं तापमान सांगतो. गवताचं पातं मात्र उघड्या आकाशाखाली असतं. निरभ्र, कोरड्या, वारा नसलेल्या रात्री ते आपली उष्णता प्रारणाने सरळ आकाशाकडे टाकत राहतं. ढग असते तर त्यांनी थोडी परत पाठवली असती. त्यामुळे पातं आणि जीपचा पत्रा आसपासच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी गार होतात. हवा ४ अंशांवर असताना पातं शून्याखाली जाऊ शकतं. शिवाय गार हवा जड, ती जमिनीलगत आणि खोलगट जागी साचते, छातीच्या उंचीवर टांगलेल्या तापमापकाला ती कळतही नाही.

आपल्या देशात याच युक्तीने बर्फ तयार करत असत. अलाहाबादकडे थंडीच्या रात्री मैदानात उथळ खड्डे करून त्यात गवत पसरायचे आणि त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी ठेवायचे. खालून गवत जमिनीची ऊब अडवायचं, वरून आकाश उष्णता ओढून घ्यायचं. सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. यंत्र नाही, वीज नाही, आणि हवाही बहुतेक वेळा शून्यावर उतरलेली नसायची.

स्ट्रॉबेरीसाठी सांगायचं तर अशा रात्रीआधी रान ओलं केलेलं बरं. ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते. वर पातळ आच्छादन टाकलं की पिकाला आकाश ‘दिसत’ नाही, तेवढ्यानेही फरक पडतो.

---

रसवंती_एरंडोल

ताई, प्रयोग केला. काल आभाळ होतं, तापमापक ३५ वर. मुलगी काट्यापाशीच बसून होती. डब्यात अर्धा किलो बर्फ, झाकण घट्ट. थोड्याच वेळात डबा बाहेरून ठिपकला, मग थेंब एकमेकांना मिळून ओघळायला लागले. बर्फ पूर्ण वितळला तेव्हा काटा तीसेक ग्रॅम जास्त दाखवत होता. झाकण उघडून पाहिलं, आतलं पाणी आतच होतं. म्हणजे हे तीस ग्रॅम हवेतलेच.

मुलीने लगेच हिशोब केला. ३० ग्रॅमला ६०० कॅलरीप्रमाणे १८,००० कॅलरी. भागिले ८०, म्हणजे २२५ ग्रॅम बर्फ. अर्धा किलोतला जवळजवळ निम्मा बर्फ हवेतल्या वाफेने वितळवला! तिने वहीत लिहून ठेवलंय, मे महिन्यात परत करणार म्हणते.

आबा, आता गोणपाटाचं सांगा. पाऊस लांबला तर अजून आठवडाभर तरी धंदा आहे.

---

बर्फवाले_आबा_भुसावळ

पोरीला शाबासकी द्या. अशा मोजण्यातूनच गोष्ट पक्की कळते.

आता पेटीचं नीट ऐका. बर्फ टिकवतो तो भुसा नाही, भुशात अडकलेली हवा. अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून तिच्या वीसपट आणि वर. म्हणजे भुसा भिजला की त्याचं काम संपलं, तो उलट बाहेरची गरमी लादीला पोचवायला लागतो. म्हणून लादीला टेकलेला थर कोरडाच हवा. टेम्पोवाल्याचं म्हणणं इथे लागू पडतं.

पण पेटीच्या बाहेरून टाकलेलं गोणपाट मे महिन्यात ओलं ठेवायचं. कोरडी झळ लागली की त्यातलं पाणी उडतं आणि पेटीचं अंग ४५ वरून पंचवीस-सव्वीसवर उतरतं. आतल्या भुशाला मग ४५ शी नाही, पंचविशीशी झुंजायचं असतं. लादीकडे जाणारी उष्णता निम्म्यावर येते. तुमचे वडील बरोबर करत होते. फक्त ओलं पेटीबाहेर, आत नाही, आणि गोणपाट सुकू द्यायचं नाही.

जूनमध्ये ओल्या गोणपाटाचा उपयोग फारसा राहत नाही, पाणी उडतच नाही म्हटल्यावर. तेव्हा लढाई ओल्या हवेशी आहे. लादी जाड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळा, घडी खालच्या बाजूला येऊ द्या. मग भुसा, मग परत प्लास्टिक. हवा भुशात शिरली की तिथे गार होऊन तिचं पाणी होतं, भुसा भिजतो आणि सगळं मुसळ केरात. फळ्यांच्या फटी मेण किंवा चिंध्या कोंबून बुजवा. लादीखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवा, वितळलेलं पाणी तिच्याखाली साचू देऊ नका. पाणी जायचं भोक असेल तर त्याला नळीचा तुकडा लावून तो वाकवून पाण्याने भरलेला ठेवा, म्हणजे पाणी जाईल पण हवा येणार नाही. आणि झाकण! सकाळी दोन तासांपुरता बर्फ एकदम फोडून लहान थर्मासच्या डब्यात घ्या आणि मोठी पेटी बंद ठेवा. प्रत्येक वेळी उघडलं की गार कोरडी हवा बाहेर पडते आणि नवी ओली हवा आत जाते. पण दिवसभराचा बर्फ एकदम फोडू नका. तुकडे केले की उघडं अंग कित्येक पट वाढतं.

भुशाची ताकद किती, ते एका गोष्टीवरून बघा. १८३३ साली अमेरिकेच्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून तळ्यांवरचा बर्फ कलकत्त्याला आला. फ्रेडरिक ट्युडर नावाच्या व्यापाऱ्याने पाठवला होता. निघाला तेव्हा १८० टन होता. चार महिने समुद्र, मधे विषुववृत्त दोनदा ओलांडलं, आणि तरी शंभर टनांच्या आसपास बर्फ उतरला. मशीन एकही नव्हतं. लाकडाच्या भुशात गच्च भरून, हवा आत जाऊ न देता आणला होता.

---

कुल्फी_पारोळा

आबा, आम्ही कुल्फीच्या पिंपात बर्फात मीठ टाकतो, बर्फ चांगलाच कडक गार होतो. मग रसवंतीवाल्या भाऊंनी लादीवर थोडं मीठ शिंपडलं तर चालेल का?

---

बर्फवाले_आबा_भुसावळ

अजिबात नको. कुल्फीला मीठ लागतं कारण तिथे शून्याच्या खाली जायचं असतं. दूध-साखर शून्याला गोठत नाही. मीठ बर्फाला शून्याच्या खालीही वितळायला लावतं, आणि वितळायची उष्णता त्या बर्फाला स्वतःकडूनच काढावी लागते, म्हणून तो आणखी गार पडतो. मिश्रणात मीठ २३ टक्क्यांच्या जवळ असलं की ते उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. गारवा वाढतो, पण त्यासाठी बर्फ संपतो. तुम्हाला कुल्फी गोठवायची असते म्हणून तो सौदा परवडतो. भाऊंना लादी संध्याकाळपर्यंत टिकवायची आहे, त्यांना तो उलटा पडेल. शिवाय रसात जाणाऱ्या बर्फाला मीठ लागायला नको आणि पेटीचा पत्राही गंजेल. मिठाची गोणी पेटीजवळ ठेवूच नका, ओल्या हवेत तीही पाणी सोडते.

भाऊ, प्लास्टिक लावल्यावर दुपारी दोनला किती लादी उरते ते इथे कळवा.